मालवणचे वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. शंकर पुरुषोत्तम आघारकर

पुणे शहरात विधी महाविद्यालयाच्या परिसरात गोपाळ गणेश आगरकर यांच्या नावाचा एक रस्ता आहे, आणि त्याच रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था ही विज्ञानसंस्था उभी आहे. नावांच्या या साम्यामुळे पुष्कळांचा असा ग्रह होतो की, संस्थाही त्या थोर सुधारकाच्याच स्मरणार्थ स्थापन झाली असावी. वस्तुस्थिती निराळी आहे. सुधारक आगरकर १८९५ साली निवर्तले. ज्यांच्या नावे ही संस्था चालते ते आघारकर त्या वेळी दहा वर्षांचे बालक होते, आणि त्यांचा जन्म झाला होता आपल्या मालवणास. सावंतवाडीहून सकाळी निघालेला मनुष्य दुपारच्या जेवणाआधी सहज पोहोचेल इतक्या अंतरावरील या गृहस्थाचे नाव आमच्या विद्यार्थ्यांपैकी फारच थोड्यांच्या कानी गेले आहे, म्हणून हा अल्पसा चरित्रलेख आम्ही त्यांच्यापुढे ठेवीत आहो.

त्यास आणखीही एक निमित्त आहे. शाळा सोडून पुढे विज्ञानाच्या वाटेस गेलेले आमचे जुने विद्यार्थी अधूनमधून भेटीस येतात. त्यांपैकी जे पीएच. डी. पर्यंत पोहोचतात त्यांच्या तोंडी एकच प्रश्न असतो. पदवी हाती आली. आता पुढील दोनतीन वर्षे एखाद्या विद्यापीठात वा प्रयोगशाळेत संशोधन करण्यास जागा कोठे मिळेल? अशा जागेस हल्ली पोस्ट-डॉक्टरल फेलोशिप म्हणतात. मुदत थोडी, वेतन बेताचे, आणि पुढील कायम नोकरीची हमी नाही. तरी तिच्याविना संशोधकाचे पाऊल पुढे पडत नाही. घरची माणसे विचारतात की, इतके शिकून अजून स्थिर का होत नाही? त्यास उत्तर देणे कठीण. आघारकरांपुढे हाच प्रश्न उभा राहिला तेव्हा तर जागा शोधावी म्हटले तरी जागाच नव्हत्या.

शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचा जन्म १८ नोव्हेंबर १८८४ रोजी झाला. मालवण त्या काळी रत्नागिरी जिल्ह्यात मोडत असे. सिंधुदुर्ग जिल्हा निराळा झाला तो १९८१ साली. विद्येच्या क्षेत्रात मालवणचे नाव त्यापूर्वीच झालेले होते. संस्कृतचे महापंडित रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे १८३७ साली याच गावी जन्मास आले. आघारकरांचे उच्च शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात झाले. जीवशास्त्र घेऊन ते एम. ए. झाले आणि त्याच कॉलेजात तो विषय शिकवू लागले.

येथे त्या काळच्या मुंबई विद्यापीठाची स्थिती सांगणे अवश्य आहे. १८५७ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ मुख्यत्वेकरून परीक्षा घेणारी व पदव्या देणारी संस्था होती. अध्यापन महाविद्यालयांत चाले आणि संशोधनास वाहिलेले असे स्थान जवळपास नव्हते. मुंबईचे रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स सुरू झाले ते १९२० साली. तेव्हा पंचविशीतील एखाद्या हुशार अध्यापकास संशोधन करावेसे वाटले तर त्याने ते सुट्टीत, पदरमोड करून, पायांनी हिंडून करावे एवढाच मार्ग होता. आघारकरांनी तोच पत्करला आणि सह्याद्रीची वाट धरली.

आमच्या किनाऱ्यावरील मुलांस जेलीफिश ठाऊक आहे. ओहोटीच्या वेळी वाळूवर पडलेला तो पारदर्शक, छत्रीसारखा गोळा. हात लावला तर आग होते म्हणून वडील माणसे लहान मुलांस दूर ओढतात. हा प्राणी समुद्राचा, अशी सर्वांची समजूत, आणि बहुतांशी ती खरीही आहे. पण आघारकरांना सातारा जिल्ह्यात, कृष्णेस मिळणाऱ्या कोयना-वेण्णा या नद्यांच्या खोऱ्यांत, समुद्रापासून घाटाने वेगळ्या झालेल्या गोड्या पाण्यात, लहानशा नाण्याएवढा जेलीफिश आढळला. उन्हाळ्यात नदीचा ओघ मंदावून डोह शिल्लक राहतात तेव्हा हे जीव दिसतात आणि पावसाळ्याचा पहिला लोंढा आला की दिसेनासे होतात. म्हणजे वर्षातील थोडे आठवडे, तेही कडक उन्हात, डोहाशी बसून पाहणाऱ्यालाच ते दिसावयाचे. त्या डोहांवर पाणी भरण्यास व गुरे धुण्यास पिढ्यान् पिढ्या लोक जात आले होते. पाण्यात काही हलते हे त्यांपैकी कोणी पाहिलेच नसेल असे आम्हांस वाटत नाही. परंतु ते आश्चर्य आहे हे ओळखण्यास जगात इतरत्र काय आढळते याचेही ज्ञान लागते.

आणि ते आश्चर्य खरोखरच मोठे होते. या जातकुळीचा गोड्या पाण्यातील जेलीफिश तोवर आफ्रिका खंडातच ज्ञात होता. तेथील टांगानिका सरोवरातील त्याच्या अस्तित्वाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पंडितांत पुष्कळ वाद माजविला होता. त्याचाच भाऊबंद अरबी समुद्राच्या अलीकडे, सह्याद्रीच्या कुशीत निघाला. कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियमचे प्राणिशास्त्रज्ञ नेल्सन अॅनन्डेल यांनी त्याचे वर्णन करून त्यास लिम्नोक्निडा इंडिका असे नाव दिले, आणि १९११-१२ च्या सुमारास ही वार्ता लंडनच्या 'नेचर' या शास्त्रीय साप्ताहिकातून सर्वत्र पसरली. इतका नाजूक प्राणी आफ्रिकेत आणि आपल्या घाटात असा दोन्हीकडे कसा आला? त्याच १९१२ साली जर्मनीत आल्फ्रेड वेगेनर यांनी खंडे एके काळी एकत्र असून पुढे परस्परांपासून सरकली असावीत, हा विचार प्रथम मांडला होता. त्यास मान्यता मिळण्यास पुढे अर्धशतक लागले. आघारकरांपुरते सांगावयाचे तर सजीव एका भूमीवरून दुसऱ्या भूमीवर कसे जातात हा प्रश्न त्यांच्या मनात जो शिरला तो कायमचा. पुढे प्राण्यांकडून ते वनस्पतींकडे वळले, पण प्रश्न बदलला नाही.

ज्या कोयनेच्या खोऱ्यात ते हिंडले, त्याचा मोठा भाग पुढे १९६० च्या दशकात धरणाच्या जलाशयाखाली गेला. हा जेलीफिश मात्र पश्चिम घाटात इतर काही ठिकाणीही सापडला आहे.

आता कलकत्त्याकडे वळू. तेथे सर आशुतोष मुखर्जी हे १९०६ पासून कुलगुरू होते आणि विद्यापीठात केवळ परीक्षा न होता प्रत्यक्ष ज्ञानाची निर्मिती व्हावी असा त्यांचा ध्यास होता. सरकारकडून द्रव्य येईना. तेव्हा दोन वकील पुढे आले. तारकनाथ पालित यांनी १९१२ साली आपली जन्माची मिळकत आणि राहते घर विद्यापीठास दिले. रासबिहारी घोष यांनी १९१३ साली दहा लक्ष रुपये दिले. घोषांच्या देणगीतून चार अध्यासने निर्माण झाली: उपयोजित गणित, पदार्थविज्ञान, रसायन आणि वनस्पतिशास्त्र. शेवटच्या अध्यासनाचा रोख शेतीकडे असावा असेही दात्याने सांगून ठेविले होते. दोन्ही दात्यांची अट अशी की, अध्यासनावर नेमला जाणारा पुरुष हिंदी असावा. सरकारी शिक्षणखात्यातील वरच्या जागा बहुतेक युरोपियनांसाठी राखलेल्या असत, त्या काळात ही अट किती मोलाची होती हे सांगणे नको. २७ मार्च १९१४ रोजी कलकत्त्यास विज्ञान महाविद्यालयाची कोनशिला बसली.

आशुतोषबाबूंचा एक गुण विशेष लक्षात घेण्यासारखा आहे. माणूस कोणत्या प्रांताचा हे ते पाहत नसत. गणिताच्या घोष अध्यासनावर त्यांनी संयुक्त प्रांतातील गणेश प्रसाद यांस आणिले. पालित अध्यासनासाठी मद्रासकडील चंद्रशेखर वेंकट रामन यांस सरकारी हिशेबखात्यातून ओढून घेतले. आणि वनस्पतिशास्त्राच्या अध्यासनासाठी त्यांची दृष्टी मुंबईत शिकविणाऱ्या मालवणच्या या तरुणावर गेली. १९१४ साली आघारकर घोष प्राध्यापक झाले. वय एकोणतीस. पुढे १९१७ साली रामकृष्णपंत भांडारकरांचे पुत्र देवदत्तपंत हेही प्राचीन इतिहासाचे कारमायकेल प्राध्यापक म्हणून त्याच विद्यापीठात गेले. म्हणजे गंगेच्या काठी मालवणशी नाते सांगणारे दोन प्राध्यापक एके काळी एकत्र नांदत होते.

आजच्या विद्यार्थ्यास येथे एका गोष्टीचे नवल वाटेल. हल्ली क्रम असा: आधी पीएच. डी., मग पोस्ट-डॉक्टरल जागा, मग भाग्य असल्यास प्राध्यापकी. आघारकरांची नेमणूक झाली तेव्हा त्यांच्यापाशी डॉक्टरेट नव्हती. होते ते घाटात हिंडून केलेले काम. ते काम पाहून त्यांस आधी प्राध्यापक करण्यात आले आणि नंतर उच्च अभ्यासासाठी परदेशी पाठविण्यात आले. निवडलेल्या पुरुषाने जगातील उत्तम प्रयोगशाळा पाहून यावे, मग येथे विभाग उभारावा, अशी ती योजना होती. रामन यांनी मात्र बाहेर जाण्यास साफ नकार दिला, आणि त्यांच्यापुरती अट सैल करण्यात आली. त्यांचे काम तोवर येथे बसूनच युरोपात पोहोचले होते. आघारकर गेले. दोघांपैकी कोणाचे बरोबर, हा वाद आमच्या मते व्यर्थ आहे. ज्याच्या विषयास एक वाद्य व थोडी काच पुरते त्याची गोष्ट निराळी, आणि ज्यास निरनिराळ्या देशांतील हजारो वाळविलेली रोपे एकापुढे एक मांडून पाहावयाची आहेत त्याची निराळी. वनस्पतींच्या अशा संग्रहासाठी बर्लिनजवळील डाहलेमच्या उद्यानाएवढे समृद्ध स्थान त्या काळी जगात थोडेच होते. अॅडॉल्फ एंग्लर हे वनस्पतिभूगोलाचे आचार्य तेथे संचालक होते.

१९१४ सालच्या ऑगस्टात महायुद्ध पेटले. आघारकर जर्मनीत होते आणि ते ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन होते. एका दिवसात ते पाहुण्याचे शत्रू झाले. त्यांस स्थानबद्धता भोगावी लागली. त्यांचेच सहाध्यासी, जगदीशचंद्र बोस यांचे भाचे आणि पदार्थविज्ञानाचे घोष प्राध्यापक देवेंद्रमोहन बोस, हेही बर्लिनमध्येच अडकून पडले आणि १९१९ पर्यंत स्वदेशी परतू शकले नाहीत. कलकत्त्यास अध्यासन आहे, त्यावर नाव लागलेले आहे, पण अधिकारी पुरुष शत्रूच्या राजधानीत. घरी पत्र जाण्याची मारामार, युद्ध कधी संपेल याचा नेम नाही, आणि तिशीतील उमेदीची वर्षे एकेक करून चालली आहेत. फेलोशिपची मुदत संपत आली म्हणून ज्यांचा जीव खालीवर होतो अशा आमच्या विद्यार्थ्यांनी या स्थितीची कल्पना करावी.

त्या वर्षांत त्यांनी काय केले, याचा पुरावा छापील आहे. १९१९ साली बर्लिन विद्यापीठाने त्यांस डॉक्टरेट दिली. त्यांचा जर्मन प्रबंध १९२० साली एंग्लर यांच्याच वनस्पतिशास्त्रीय वार्षिकात प्रसिद्ध झाला. विषय होता वायव्य हिंदुस्थानातील रुक्ष, अर्धरुक्ष आणि खाऱ्या भूमीतील वनस्पती कशा पसरतात व मुळात त्या कोठून आल्या. कोकणच्या मुलास हा विषय परका वाटू नये. रुईचे बोंड फुटून निघालेली म्हातारी वाऱ्यावर तरंगत जाते, गवताचे कुसळ धोतरास चिकटून दुसऱ्या गावी पोहोचते, आणि आमच्या खाडीतील कांदळाचे बी झाडावरच रुजून मग भरतीच्या पाण्यातून प्रवासास निघते. आघारकरांनी राजपुताना व सिंध यांसारख्या कोरड्या मुलखाच्या वनस्पतींस हेच प्रश्न विचारले. तेथील काटेरी झुडपे पश्चिमेकडील वाळवंटांची सोयरी, तेव्हा कोणत्या साधनांनी ती इकडे आली असावीत? कोयनेच्या डोहाशी पडलेले कोडे वाळवंटापर्यंत असे पोहोचले. (ज्या डाहलेमच्या संग्रहाचा वर उल्लेख केला, त्याचा बहुतेक भाग पुढील महायुद्धात मार्च १९४३ मध्ये बाँबहल्ल्याने जळून गेला.)

कलकत्त्यास परतल्यावर त्यांनी सुमारे पाव शतक घोष प्राध्यापक म्हणून घालविले. वनस्पतिशास्त्राचा विभाग बालीगंजमध्ये, पालितांनी दिलेल्या घराच्या आवारात भरत असे. या वर्षांचा वृत्तांत थोडक्यात आटोपणेच बरे, कारण चांगल्या अध्यापकाच्या आयुष्यात सांगण्यासारखे प्रसंग थोडे आणि तास पुष्कळ असतात. १९३५ साली नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सेस ही अखिल भारतीय विद्वत्सभा निघाली तेव्हा तिच्या संस्थापक सदस्यांत आघारकर होते. तिलाच पुढे भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी हे नाव मिळाले.

१९४६ साली ते निवृत्त झाले. वय एकसष्ट. बहुतेक मनुष्ये या वयात पेन्शनचा हिशेब मांडतात. आघारकर पुण्यास आले आणि त्याच वर्षी तेथे महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापन झाली. तिचे ते पहिले संचालक. इंग्रजीतील तिचे नाव मुद्दाम पाहण्यासारखे आहे: महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स. कलकत्त्यास १८७६ साली डॉ. महेंद्रलाल सरकार यांनी लोकांच्या वर्गणीतून इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स ही संस्था काढली होती. तिच्याच लहानशा प्रयोगशाळेत रामन यांनी हिशेबखात्यातील नोकरी सांभाळून सकाळ-सायंकाळ काम केले, आणि तेथेच १९२८ साली त्यांच्या नावाने ओळखला जाणारा परिणाम सापडला. सरकारी नसलेली, विद्यापीठाचीही नसलेली, परंतु संशोधकास बसण्यास टेबल व पाहण्यास सूक्ष्मदर्शक देणारी संस्था काय करू शकते, हे आघारकरांनी सुमारे पाव शतक त्याच शहरात राहून पाहिले होते. तरुणपणी मुंबईत त्यांस जे मिळाले नाही, ते मिळविण्यास हजार मैलांवर परप्रांतात जावे लागले. पुढच्यांस ते पुण्यास मिळावे अशी ही खटपट होती.

अशी संस्था चालविणे म्हणजे काय, हे कोणत्याही शाळेच्या कार्यालयात बसणारा मनुष्य जाणतो. द्रव्य अपुरे, जागा अपुरी, आणि ज्या तरुणास आज तयार करावे त्यास उद्या मोठ्या पगाराची जागा बोलावून नेते. तरी अखेरपर्यंत, म्हणजे २ सप्टेंबर १९६० रोजी त्यांचे निधन होईपर्यंत, चौदा वर्षे त्यांनी ती धुरा सोडली नाही.

आमच्या मते या काळातच त्यांच्या चरित्राचे खरे वजन आहे. जागा मिळविणारे पुष्कळ असतात. जागा निर्माण करण्याचे काम रुक्ष, आणि त्यास कीर्तीही थोडी. शिवाय जागा असली तरी ती सर्वांस खुली असतेच असे नाही. १९३३ साली मुंबईची पदवीधर कमला भागवत, पुढील काळातील डॉ. कमला सोहोनी, बंगळूरच्या विज्ञानसंस्थेत संशोधनास प्रवेश मागू लागली तेव्हा, ज्यांच्यासाठी कलकत्त्याने आपली अट सैल केली होती त्याच रामन यांनी, ती स्त्री आहे म्हणून प्रथम नकार दिला. ती हटली नाही. अटी घालून तिला घेण्यात आले, आणि १९३९ साली ती केंब्रिजची डॉक्टर झाली. हे आम्ही आमच्या विद्यार्थिनींसाठी मुद्दाम लिहितो.

१९९२ साली विज्ञानवर्धिनीच्या संशोधन संस्थेस आघारकरांचे नाव देण्यात आले. आज ती केंद्र सरकारच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या अनुदानावर चालणारी स्वायत्त संस्था आहे. तेथे वनस्पतींचा संग्रह आहे, तसाच कवकांचाही, आणि कवकांच्या संग्रहास अजरेकर या दुसऱ्या जुन्या मराठी शास्त्रज्ञाचे नाव आहे. पीएच. डी. करणारे आणि त्यापुढील संशोधन करणारे तरुण तेथे काम करतात. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर तेथून जवळच आहे. एक संस्था ग्रंथांची, दुसरी झाडापेरांची. दोघींवर नावे मालवणच्या माणसांची. दोहोंस भेट देण्यास एक दिवस पुरतो, आणि पुण्यास गेलेल्या आमच्या विद्यार्थ्यांनी तो काढावा.

घोषांनी वनस्पतिशास्त्राच्या अध्यासनापुढे शेतीचा रोख ठेविला होता, हे वर आलेच आहे. विज्ञानवर्धिनीतही पिकांच्या वाणांवर काम झाले, आणि गहू व सोयाबीन यांचे तेथे निपजलेले वाण आज शेतांत आहेत. बियाण्याच्या पिशवीवर आघारकरांचे नाव नसते. संस्थेच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे आणि पुढे एक आकडा, एवढेच असते: एमएसीएस ६२२२ हा गहू, एमएसीएस ११८८ हे सोयाबीन. आणि २०२० साली आमच्याच सावंतवाडी तालुक्यात, आंबोलीस, हिरण्यकेशीच्या उगमाच्या पाण्यात माशाची एक नवी जात शास्त्रास सापडली. २०२१ साली ते स्थान जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर झाले. उन्हाळ्याच्या सुट्टीत आमची मुले त्या पाण्यात पाय सोडून बसत आलीच आहेत.